कपाटात लपवलेला व्हेप आणि त्यातला सेल: सापडल्यापासून विल्हेवाट लागेपर्यंत काय करायचं

मे महिन्यातली दुपार होती. नाशिकच्या एम. जी. रोडवर गिऱ्हाईक नाही, सगळे सावलीला. तेवढ्यात एक ताई दुकानात आल्या, पर्समधून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. "दादा, हा पेनड्राइव्ह आहे का बघा ना. मुलाच्या उशीखाली सापडला, चार्जिंगला लावलेला होता."

बोटभर लांबीची निळी डबी, एका टोकाला चपटी तोंडी, वास आंब्याच्या गोळीचा. हातात घेतली तर कोमट लागली. मधल्या सांध्यातून प्लास्टिक उकललं होतं, म्हणजे आतली बॅटरी फुगलेली. ताईंना पेनड्राइव्हमध्ये काय निघेल याची धास्ती होती. मला धास्ती याची, की ही वस्तू सिडकोपासून इथपर्यंत रिक्षात, किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या शेजारी बसून आली होती.

तो व्हेप होता, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. गेल्या काही वर्षांत अशा वस्तू घेऊन येणारे आई-बाप वाढलेत. "काका, फक्त चार्जिंगचा पॉइंट बदलून द्या" म्हणत येणारी पोरंही वाढलीत. दोघांनाही मी जे तुकड्या-तुकड्यांत सांगतो ते इथे एकत्र लिहितोय. धूर फुप्फुसाला काय करतो ते डॉक्टरांनी सांगावं. मी बॅटरीवाला माणूस, बॅटरीपुरतं बोलतो.

आधी कायदा, कारण धोक्याचं मूळ तिथेच आहे

१८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षअखेर त्याचा कायदा झाला. इलेक्ट्रॉनिक सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाहून नेणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आली. विक्रीसारख्या गुन्ह्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून माझ्या दुकानात व्हेप दुरुस्त होत नाही, चार्जही होत नाही.

बंदी असूनही वस्तू येतातच. येतात त्या बिलाशिवाय, माहितीपत्रकाशिवाय. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलवर, पॉवर बँकेवर, चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक लागतो. 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असा तो असतो आणि 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. व्हेपवर तो नसणारच. आत कोणाचा सेल आहे, नवा की जुना काढून बसवलेला, कोणालाच सांगता येत नाही.

त्याहून मोठी अडचण लपवण्याची. मोबाईल आपण टेबलावर ठेवून चार्ज करतो, गरम झाला तर लगेच कळतं. व्हेप चार्ज होतो उशीखाली, पांघरुणात, कपाटात कपड्यांच्या थरात किंवा दप्तराच्या तळाशी. दिवसा तो जीन्सच्या खिशात नाहीतर स्कूटरच्या डिकीत असतो. लिथियम बॅटरी जिथे ठेवू नये अशा जागांची यादी करायला बसलात, तर हीच यादी होईल.

आत नेमकं काय फुटतं

लिथियम-आयन सेल उघडून पाहिला तर आत सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी दिसते. एक तांब्याचा पातळ पत्रा, एक ॲल्युमिनियमचा, दोन्हींवर काळा लेप, आणि मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा. सगळं एका द्रवात भिजलेलं, आणि तो द्रव थिनरसारखा पेट घेणारा. १९९१ साली सोनीने हा सेल पहिल्यांदा बाजारात आणला. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना याच कामासाठी मिळालं. आपल्याकडे व्हेपवर बंदी आली तेही २०१९, हा निव्वळ योगायोग.

सगळी मदार त्या पडद्यावर. तो फाटला, वितळला किंवा दाबला गेला की दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. साधारण ८०-९० अंशांच्या पुढे आतला संरक्षक थर विरघळायला लागतो आणि त्यातून उष्णता निघते. १३० च्या आसपास पडदा वितळतो. त्याच्याही वर गेलं की धन बाजूचा लेप फुटून स्वतःच ऑक्सिजन सोडतो. इथून पुढे उष्णता उष्णतेला वाढवत जाते. बाहेरची हवा तोडून हे थांबत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन सेलच्या पोटातच तयार होतोय.

मोबाईलची बॅटरी अशी बिघडली तर ती बहुधा फुगते, फाटते, पेटते. व्हेपमध्ये बऱ्याचदा गोल, धातूच्या डब्यातला सेल असतो आणि तो सेल पुन्हा धातूच्या नळीत. आत दाब वाढला की नळीच्या बाजू टिकतात आणि कमकुवत टोक उडतं. दिवाळीतला बाण आठवा, फक्त हा तोंडासमोर धरलेला असतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या अशा १९५ घटना जमा करून २०१७ मध्ये अहवाल काढला. त्यात १३३ जण जखमी, त्यातले ३८ गंभीर. ६१ वेळा वस्तू खिशात होती, ६० वेळा वापरात आणि ४८ वेळा चार्जिंगला. त्या अहवालात मृत्यू नव्हता. नंतर २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये एकेक माणूस गेला. टेक्सासमधल्या तरुणाच्या मानेची मुख्य रक्तवाहिनी धातूच्या तुकड्याने कापली गेली होती.

खिशाचा आकडा पुन्हा वाचा. चार्जिंगपेक्षा जास्त वेळा ही वस्तू खिशात फुटली आहे, आणि आपल्याकडे सगळे सल्ले चार्जिंगचेच दिले जातात.

सापडल्यावर पहिली पाच मिनिटं

बटण दाबून बघू नका, ओढून बघू नका, "चालू आहे का" म्हणून चार्जरला लावू नका. चार्जरला लावलेली सापडली तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग वायर काढा.

आता हाताने आणि नाकाने तपासणी. चार्जरपासून काढून पंधरा-वीस मिनिटं झाली तरी कोमट आहे का? सांधे उकललेत का, टेबलावर ठेवली तर डुगडुगते का? नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, उग्र वास येतोय का? व्हेपमध्ये भरलेल्या सुगंधी अर्काचा वास वेगळा, तो फळाचा किंवा पुदिन्याचा असतो. थिनरसारखा आला तर सेल गळतोय. धातूच्या नळीला पोचा आलाय का, ती कधी पाण्यात पडली होती का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर ती बॅटरी संपली असं समजा. पुन्हा वापरायची नाही आणि घरात ठेवायची नाही.

सू-सू असा आवाज येतोय, धूर निघतोय किंवा हात लावू देत नाही इतकी तापलीय, तर ती उचलायचीच नाही. सरळ आगीच्या भागाकडे जा, खाली लिहिलाय.

डबीतून चिकट पाणी गळत असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून धरा. त्या पाण्यात निकोटिन असतं आणि ते कातडीतूनही शरीरात जातं. घरात रांगणारं मूल असेल तर फरशी लगेच साबणाने पुसून घ्या.

आणि मुलाला विचारायचा पहिला प्रश्न "कधीपासून ओढतोस" हा नको. तो दुसरा. पहिला असा: "अजून कुठे कुठे ठेवलंयस?" सुटे सेल, दुसरी डबी, मित्राची ठेवायला दिलेली, सगळं बाहेर काढायला सांगा आणि तेवढ्या वेळापुरता आवाज चढवू नका. ओरडा बसला की उरलेला माल आणखी खोल लपतो. माझ्याकडे आलेल्या एका वडिलांनी रागाच्या भरात व्हेप वरवंट्याने ठेचला होता. धूर निघाला, भडका उडाला नाही, हे त्यांचं नशीब.

ठेवायची कुठे

गॅलरीत रिकामी मातीची कुंडी असतेच. तिच्यात चार बोटं कोरडी वाळू घाला, वस्तू मध्ये ठेवा, वरून पुन्हा वाळू. कुंडी सावलीत असावी. पडदा, वाळत घातलेले कपडे, गॅसची नळी यांपासून दूर. बांधकामाची वाळू चालते, ओली असेल तर आधी उन्हात वाळवून घ्या.

काय करू नये ते सांगणं जास्त गरजेचं, कारण त्यातले बरेच प्रकार मी पाहिलेत. फ्रीजमध्ये ठेवू नका, सेलवर दव धरतं आणि त्यातूनच शॉर्ट होऊ शकतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कोंडू नका. वायू निघाला की डबाच फुटायचा. फुगलेली बॅटरी सुईने टोचून "हवा काढणारे" कारागीर बाजारात आहेत. एकाला मी स्वतः दुकानातून बाहेर काढलंय. आत साधी हवा नसते, पेटणारा वायू असतो, आणि सुई थेट त्या पडद्यातून आरपार जाते.

जिन्याखाली, जिथे सगळ्या बिल्डिंगच्या गाड्या लागतात, तिथे तर मुळीच नाही. आग लागली तर उतरायला तोच एक रस्ता असतो.

सुटा सेल: व्हेप नसलेल्या घरांनीही वाचा

व्हेप ढोबळ मानाने तीन जातीचे. संपला की फेकायचा, चार्जिंगचा पॉइंट असलेला, आणि मोठ्या डब्याचा, ज्यातले सेल काढता-घालता येतात. तिसऱ्या जातीत बहुतेक १८६५० नावाचा सेल असतो. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं.

हाच सेल निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याच्या हातातल्या टॉर्चमध्ये असतो. रात्रीची लाईट येते तेव्हा पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावरच्या दिव्यातही तोच. स्वस्तातल्या पॉवर बँकेतही तोच. म्हणून पुढचं सगळ्यांसाठी.

साध्या पेन्सिल सेलवर एक टोक अधिक आणि दुसरं उणे, एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं. १८६५० मध्ये वरच्या अधिक टिकलीभोवतीची गोल कड उणे असते, कारण धातूचा अख्खा डबाच उणे आहे. अधिक आणि उणे यांच्यात एक कागदी किंवा प्लास्टिकची चकती आणि बाहेरचं पातळ रंगीत वेष्टन, एवढाच अडसर. ते वेष्टन वरच्या कडेला नखभर फाटलं आणि सेल खिशात किल्लीला लागला, की किल्ली दोन्ही बाजूंना एकदम टेकते. चांगल्या सेलचा आतला रोध ०.०३ ओहमच्या आसपास असतो. ४.२ व्होल्टला ०.०३ ने भागा, १४० अँपिअर येतात. घरात गीझरचं सॉकेट १६ अँपिअरचं असतं. प्रत्यक्षात किल्ली टेकते तिथल्या रोधामुळे प्रवाह यापेक्षा कमी भरतो. पण मांडीला चिकटलेल्या जीन्सच्या खिशात तेवढाही पुरून उरतो, आणि व्हेपच्या भाजण्यात मांडी आणि हात सगळ्यात जास्त सापडतात ते यामुळेच.

तेव्हा सुटा सेल खिशात नको, पर्समध्ये नको, चिल्लर ठेवायच्या वाटीत नको. ऑनलाइन तीस-चाळीस रुपयांत प्लास्टिकची डबी मिळते, दोन सेल बसतात. ती नसेल तर दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा. वेष्टन फाटलेला सेल चांगला दिसत असला तरी वापरातून काढा. नवीन वेष्टन चढवता येतं, आम्ही चढवतोही, पण ते फाटलं तेव्हा सेलला आतून काय मार बसला ते वरून दिसत नाही.

खोट्या सेलची ओळख सोपी आहे. वेष्टनावर ९८०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलंय? या मापात बाजारातले चांगले सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंत जातात. दसपट खोटं नाही, पण जवळपास तिप्पट नक्की. वजनही करून बघा, खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. सराफ बाजारातल्या मित्राच्या काट्यावर मी एकदा असा 'नऊ हजारी' सेल ठेवला तर तो तिशीतच अडकला. उघडला तर आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी पूड. मित्र म्हणाला, आमच्याकडे असं केलं तर दुकान बंद पडेल.

मोठ्या डब्याच्या व्हेपमध्ये आणखी एक खोट असते. काहींमध्ये इलेक्ट्रॉनिक संरक्षण नसतंच, बटण म्हणजे नुसता धातूचा पट्टा. त्यात हौसेने ०.१५ ओहमची कॉइल, म्हणजे अर्काची वाफ करणारी तापती तार, बसवली की भरलेल्या सेलमधून २८ अँपिअर ओढले जातात आणि सेल असतो दहा अँपिअरचा. दोन सेल लागत असतील तर एक जुना एक नवा घातला जातो, मग कमजोर सेल आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो. जोडी नेहमी एकाच वेळी घेतलेली, एकत्रच चार्ज केलेली असावी. टॉर्चलाही हाच नियम.

चार्जिंग

भरलेल्या सेलचा व्होल्टेज ४.२. त्याच्या वर गेलात की लिथियम जिथे बसायला हवं तिथे न बसता धातूच्या काट्यांसारखं साचायला लागतं आणि ते काटे पडदा टोचतात. चार्जिंगचं काम दोघांत वाटलेलं असतं. भिंतीवरचा साधा अडॅप्टर फक्त ५ व्होल्ट देतो आणि ४.२ ला थांबण्याचं काम उपकरणातलं छोटं सर्किट करतं. स्वस्त व्हेपमध्ये ते सर्किट कसंबसं असतं. म्हणून "मोबाईलचा साठ वॅटचा फास्ट चार्जर लावला म्हणून उडाला" हे अर्धवट खरं आहे. नीट बनवलेलं उपकरण जेवढा प्रवाह लागतो तेवढाच घेतं. नीट बनवलेलं नसेल तर काय घेईल याचा भरवसा नाही. साधा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर कमीत कमी जोखमीचा. जुन्या पेनसारख्या व्हेपचा आटे असलेला चार्जर एका डबीचा दुसऱ्या डबीला लावू नका. आटे जुळतात, व्होल्टेज जुळेलच असं नाही.

सुटे सेल असतील तर चार्जरही सुट्या सेलसाठीचा, प्रत्येक खाना वेगळा पाहणारा हवा. चार्जिंग फरशीवर किंवा ओट्यावर, जागेपणी, आणि भरलं की काढायचं. गादी आणि उशी उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे ३५ अंशांच्या खोलीत उशीखालचा सेल सहज पन्नाशी गाठतो. बहुतेक सेल बनवणारे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणतात.

नाशिकची हवा थंड, ही समजूत एप्रिल-मेपुरती तरी सोडून द्या. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कॉलेज रोडला उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत हात घालून बघा. दोन तासांनी त्याच डिकीतून काढलेली वस्तू लगेच चार्जिंगला लावायची नाही, सावलीत अर्धा तास तरी निवू द्यायची. पॉवर बँक, ब्लूटूथचे इयरबड, सगळ्यांना हे लागू.

फेकायच्या व्हेपला बटण नसतं. आत हवेचा दाब ओळखणारा छोटा सेन्सर असतो, ओढलं की चालू. त्यात ओलावा किंवा अर्क शिरला की तो अडकतो आणि खिशात पडल्या-पडल्या कॉइल तापत राहते. बटणाच्या व्हेपला बऱ्याचदा पाच वेळा पटापट दाबलं की कुलूप लागतं. ते न लावता खिशात कोंबला तर बटण आपोआप दाबलं जातं.

'संपलेल्या' व्हेपमधला सेल काढणारे जुगाडू

पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी हा परिच्छेद. हौस मला कळते, मीही जुन्या रेडिओंची पोटं फाडतच शिकलो. फेकायच्या व्हेपमधला सेल खरोखर पुन्हा चार्ज होणाऱ्या जातीचा असतो, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलंय ते खरंच आहे. व्हिडिओत हे सांगत नाहीत की ज्या डबीला चार्जिंगचा पॉइंट नाही, तिच्यात ४.२ ला थांबवणारं सर्किटही नाही. त्याला मोबाईलची वायर कापून थेट जोडली की पाच व्होल्ट सरळ सेलवर. छोटंसं चार्जिंग मॉड्यूल मिळतं, पण ते सहसा एक अँपिअरला बांधलेलं असतं आणि या छोट्या सेलला तेवढा प्रवाह जड जातो. शिवाय सेलच्या तोंडावर सोल्डरिंग गन टेकवून ठेवली की तीनशे अंशांची उष्णता आत जाते. पडदा १३० ला वितळतो, वर लिहिलंच आहे. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे विजेच्या क्षणभराच्या झटक्याने, लावतात ते यासाठी.

प्रोजेक्ट करायचाच असेल तर पक्क्या बिलाचा नवा सेल घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवून होस्टेलची खोली डावावर लावायची, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही.

पेटलंच तर

बॅटरीच्या आगीवर पाणी चालत नाही, असं अर्ध्या गावाचं ठाम मत आहे. ते शुद्ध लिथियम धातूबद्दल बरोबर. लिथियम-आयन सेलमध्ये तसा धातूचा गोळा नसतो. इथे पाणीच हवं आणि भरपूर हवं, कारण आपल्याला ज्वाळेपेक्षा उष्णता मारायची आहे. क्रम असा: मुलं-म्हातारी माणसं खोलीबाहेर, त्या सॉकेटची वीज बंद, मग लांबून बादलीने पाणी. सॉकेटपर्यंत हात पोचत नसेल तर मीटरपाशी मेन पाडा. वीज बंद झाल्याशिवाय पाणी नाही.

सोसायटीत टांगलेल्या लाल सिलिंडरमधली पूड ज्वाळा दाबते, सेल थंड करत नाही. म्हणून विझलेला सेल पुन्हा पेटतो, कधी बऱ्याच वेळाने. विझल्यावर लांब चिमट्याने किंवा फावड्याने उचलून पाण्याच्या बादलीत टाका, बादली उघड्यावर ठेवा आणि रात्रभर तिथेच राहू द्या. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच शहरात एका कंटेनरमधल्या चाळीस इलेक्ट्रिक स्कूटरपैकी वीस जळाल्या, त्याचे फोटो आठवत असतील.

धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, ओला रुमाल तोंडाला बांधून ते अडत नाहीत. बादली-दोन बादल्यांत आटोक्यात आलं नाही, गादी किंवा पडदा धरला, तर दार लोटून बाहेर या आणि १०१ लावा, लागला नाही तर ११२. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातून निघालेल्या गाडीला गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या चारचाकीमुळे आत येता येत नाही, हे दर वेळचं रडगाणं. एकाने पुढे जाऊन रस्ता मोकळा करून ठेवावा.

भाजलं तर

बॅटरीने भाजणं दुधाने किंवा तेलाने भाजण्यासारखं नसतं. ज्वाळा असते, तापलेला धातू असतो आणि वर सेलमधलं रसायन कातडीवर सांडलेलं असतं. ते बऱ्याचदा क्षारयुक्त असतं आणि ज्वाळा विझल्यावरही आत-आत खात राहतं.

जळती जीन्स लगेच उतरवा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, त्याच्या भोवतीचं कापा. अंगठी, कडं, करगोटा सूज यायच्या आत काढा. नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही, शाई नाही. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी. १०८ ला फोन याच दरम्यान दुसऱ्या कोणीतरी करावा.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य: "हे लिथियम बॅटरीने भाजलंय." लाजून "गरम पाणी सांडलं" म्हणणारे आई-बाप असतात. मग डॉक्टर साध्या भाजण्याचा उपचार सुरू करतात, रसायन राहिलंय का ते बघण्यासाठी जखमेचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचं माप, तपासायचं राहून जातं. तोंडापाशी फुटलं असेल तर दात, जबडा आणि श्वासनलिका बघून घ्यायला सांगा, बाहेरून जखम छोटी दिसली तरी.

विल्हेवाट

घंटागाडीत टाकायचं नाही, सुक्या कचऱ्यातसुद्धा नाही. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपतो आणि आग लागते त्या कर्मचाऱ्याच्या पाठीमागे. गोदावरीत तर नाहीच. हेही लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण "नदीत सोडून दिलं" असं मला दोघांनी सांगितलंय.

मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी "उतरवायची" युक्ती घरात करू नका. त्यातून पेटणारे आणि घशाला लागणारे वायू निघतात, टोकं गंजतात आणि आत किती वीज उरली ते कळत नाही.

सेल सुटा निघत असेल तर काढा, दोन्ही टोकांना टेप. निघत नसेल तर डबी फोडू नका. चार्जिंगच्या पॉइंटवर आणि तोंडीवर टेप लावा, एकेक वस्तू वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि वाळूच्या कुंडीत ठेवून नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे लवकरात लवकर पोचवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. व्हेपला इथे कायदेशीर उत्पादकच नाही, त्यामुळे परत घेणारा कोणी नाही. परवानाधारक पुनर्वापर केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर असते. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सातपूरला उद्योग भवनात आहे. देताना "यात लिथियम बॅटरी आहे" हे तोंडाने सांगा आणि पिशवीवर मार्करने लिहा. फुगलेली असेल तर तेही लिहा. दोन-चार नव्हे तर खोकंभर माल सापडला असेल तर विषय कचऱ्याचा राहत नाही. त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा, जप्तीचे अधिकार कायद्याने त्यांना दिलेत.

त्या ताईंची निळी डबी मी दुकानामागच्या वाळूच्या बादलीत ठेवली आणि दोन दिवसांनी, आमचा जुन्या बॅटऱ्यांचा माल गेला त्याच्याबरोबर पाठवून दिली. आठवड्याने त्या परत आल्या, या वेळी मुलगा बरोबर. त्याने खिशातून दोन सुटे सेल काढून काचेवर ठेवले, एकाचं वेष्टन वरच्या कडेला फाटलेलं. मी टेपचं रीळ त्याच्याकडे सरकवलं.